राखणीच्या कुत्र्याचे शिक्षण

मत्स्योदरी देवीच्या टेकडीच्या आश्रयाने वसलेल्या अंबड गावी कुत्र्याविषयीची श्रद्धा जितकी जुनी, तितकीच त्याच्याविषयीची बेपर्वाईही जुनी आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी निगडित असलेल्या येथील खंडोबाच्या देवळात जो देव पुजला जातो त्याच्या सोबतीस कुत्रा असतो. दत्तजयंतीनिमित्त ज्या गावात गायनवादनाचा उत्सव पिढ्यान्‌पिढ्या साजरा होत आला, त्या गावातील घरोघरच्या तसबिरींत दत्तात्रेयांच्या चरणांपाशी चार श्वान शांतपणे बसलेले दिसतात. आणि असे असताही, शेतातील आखाड्यावर मोसंबीच्या बागेची, कडब्याच्या गंजीची व दावणीच्या जनावरांची राखण ज्याच्या जिवावर सोपवून शेतकरी रात्री गावात निर्धास्त झोपतो, त्या प्राण्याच्या वाट्याला शिक्षण म्हणून जे काही येते ते बहुधा साखळी, काठी आणि पायताण एवढेच असते. यात कोणाचा दुष्टपणा आहे असे मी म्हणत नाही. वडिलांनी जसे केले तसे मुलाने करावे हा शिरस्ता असल्यामुळे, कुत्र्याला वळण लावावयाचे म्हणजे त्याला धाकात ठेवावयाचे, ही समजूत कोणी तपासून पाहिलेली नाही इतकेच. आणि ती तपासून पाहण्याचे काम गेल्या सव्वाशे वर्षांत ज्या शास्त्रज्ञांनी केले त्यांचे निष्कर्ष आखाड्यापर्यंत पोचावेत, या इच्छेने हा लेख लिहीत आहे.

आमच्या तालुक्यातील कोणत्याही शिवारात घडणारा एक नित्याचा प्रसंग घ्यावा. दिवस मावळताना रोह्यांचा कळप हरभऱ्यात शिरतो. आखाड्यावरचा मोत्या त्यांच्या मागे सुटतो आणि बांधामागून बांध ओलांडीत दिसेनासा होतो. धनी हाका मारतो, त्या हाका हळूहळू संतापाच्या होतात, आणि पुष्कळ वेळाने मोत्या धापा टाकीत, जीभ बाहेर काढून, शेपूट हलवीत परत येतो, तेव्हा धनी त्याची मान धरून दोन दणके हाणतो. धन्याच्या मनात हे दणके रोह्यांच्या मागे पळून गेल्याबद्दलचे असतात. परंतु मोत्याच्या लेखी पळणे केव्हाच संपलेले असते, त्याने सर्वांत शेवटी केलेली गोष्ट म्हणजे हाक ऐकून धन्याजवळ येणे, आणि दणका पडतो तो नेमका त्या येण्यावर. हा प्रसंग चार वेळा घडला की कुत्रा हाकेला वीस पावलांवर येऊन थबकतो, पोट जमिनीला टेकवून सरपटतो, धनी पुढे झाला की मागे हटतो. आणि मग लोक म्हणतात, हे कुत्रे मुळातच हेकट आहे. वास्तविक त्याने आपला धडा अत्यंत चोख पाठ केलेला असतो. धडाच चुकीचा दिलेला असतो.

या प्रसंगात जे तत्त्व दडले आहे ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ साली आपल्या प्रबंधात प्रयोगांनिशी मांडले. त्यांनी मांजरांना आणि कुत्र्यांनाही लाकडी पेट्यांत कोंडून, दोरी ओढली वा खिटी दाबली असता दार उघडून बाहेरचे अन्न मिळेल अशी तजवीज केली. प्राणी प्रथम वाटेल तशी धडपड करीत, योगायोगाने खिटी दाबली जाई, आणि पुढच्या प्रत्येक खेपेस निरुपयोगी धडपड कमी कमी होऊन खिटीकडे जाण्यास लागणारा वेळ घटत जाई. ज्या कृतीचा परिणाम सुखकर होतो ती कृती दृढ होते, हा त्यांचा सिद्धांत. त्याच सुमारास रशियात इव्हान पावलोव्ह पचनक्रियेचा अभ्यास करीत असता, अन्न समोर येण्यापूर्वीच, ते घेऊन येणाऱ्या माणसाच्या चाहुलीने कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांच्या ध्यानात आले. पहिल्याने कृती आणि तिचे फळ यांची सांगड दाखविली, दुसऱ्याने खूण आणि भावना यांची. आणि कुत्र्याच्या शिक्षणात या दोन्ही सांगडी एकाच वेळी जुळत असतात, हे विसरल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात. काठी पडते तेव्हा कुत्रा केवळ एखादी कृती टाळावयास शिकतो असे नाही. त्या क्षणी त्याच्या दृष्टीसमोर जो कोणी असेल, मग तो धनी असो, पाहुणा असो की अंगणात खेळणारे पोर असो, त्याच्याशी ती वेदना जोडली जाते. पोराकडे पाहून गुरगुरला म्हणून ज्याला झोडपले, त्या कुत्र्याला पोर आवडू लागत नाही; त्याला इतकेच कळते की पोर जवळ आले की मार बसतो आणि गुरगुरणे धोक्याचे आहे. पुढे एखाद्या दिवशी तो न गुरगुरताच चावतो, आणि ज्या इशाऱ्याने अनर्थ टळला असता तो इशारा आपणच बंद पाडला होता, हे कोणाच्याही ध्यानी येत नाही.

थॉर्नडाइकची वाट पुढे बी. एफ. स्किनर यांनी प्रशस्त केली. बक्षीस कृतीनंतर किती त्वरेने मिळाले यावर शिक्षणाचा वेग अवलंबून असतो, हे त्यांनी प्रयोगशाळेत दाखविले. आणि १९५१ साली एका लोकप्रिय विज्ञान मासिकात सामान्य वाचकांसाठी लेख लिहून, पत्र्याच्या टकटक वाजणाऱ्या खेळण्याने कुत्र्याला कोणीही कसे शिकवू शकेल, हे समजावून दिले. कुत्रा पंधरा पावलांवर असेल तर भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडी जाईतो दहा गोष्टी मध्ये घडून गेलेल्या असतात. परंतु आवाज तत्क्षणी पोचतो, आणि त्या आवाजापाठोपाठ खाऊ येतोच असे एकदा पक्के झाले की तो आवाजच 'हे, आत्ता केलेस ते, बरोबर' असा निरोप पोचवितो. स्किनर यांचे विद्यार्थी केलर व मेरियन ब्रेलँड या दांपत्याने प्रयोगशाळा सोडून १९४० च्या दशकात ही विद्या व्यवहारात आणली. पुढे हवाई बेटावर डॉल्फिन शिकविणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ सालच्या आपल्या ग्रंथाने ती कुत्री पाळणाऱ्यांच्या घरोघर पोचविली. डॉल्फिनचे उदाहरण मला विशेष उद्बोधक वाटते. त्याच्या गळ्यात साखळी अडकविता येत नाही, त्याला काठी मारता येत नाही, आणि राग केला तर तो सरळ पोहत दूर निघून जातो. अर्थात त्याला शिकवावयाचे असेल तर आपले सांगणे त्याला फायद्याचे वाटावे यावाचून दुसरा उपायच माणसाच्या हाती उरत नाही, आणि तरीही तो इतके अवघड खेळ शिकतो. कुत्र्याच्या बाबतीत साखळी हाताशी असते म्हणून आपण आळशी झालो.

याच्या उलट जी परंपरा आहे तिचा उगम बव्हंशी लष्करी कवायतीत आहे. कॉनराड मोस्ट या जर्मन अधिकाऱ्याचे १९१० सालचे पुस्तक दीर्घकाळ पोलिसी व लष्करी श्वानशिक्षणाचा आधार होते, आणि त्यात सक्तीला मोठे स्थान होते. पुढे तिला लांडग्यांचा एक आधारही मिळाला. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिवासातील लांडग्यांच्या निरीक्षणावरून लिहिले की त्यांच्यात वर्चस्वासाठी सतत झगडा चालतो. त्यावरून, माणसाने कुत्र्यावर 'म्होरक्या' म्हणून जरब बसविली पाहिजे, असा निष्कर्ष लोकांनी काढला. परंतु अनोळखी लांडगे एका आवारात कोंडले तर भांडतील यात नवल कोणते? रानातल्या लांडग्यांचा अनेक वर्षे अभ्यास केलेल्या डेव्हिड मेक यांनी १९९९ साली स्पष्ट केले की रानातला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले असे एक कुटुंब असते. ज्या दाखल्यावर सारी जरब उभी होती तो दाखलाच असा बाद झाला.

आता कोणी म्हणेल की तत्त्वज्ञान पुरे, प्रत्यक्ष पुरावा काय? पोर्तुगालमध्ये पोर्तो येथील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात श्वानशाळांतील ९२ पाळीव कुत्री घेतली. काही शाळा बक्षिसावर भर देणाऱ्या, तर काही हिसके, दरडावणी यांचा वापर करणाऱ्या होत्या. दुसऱ्या प्रकारच्या शाळांतील कुत्री शिकताना अधिक वेळा जांभया देत, ओठ चाटत, अंग आकसून घेत, आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेत ताणाचे द्योतक असलेले कॉर्टिसोल हे द्रव्य अधिक वाढलेले आढळले. नंतर त्यांना एका खोलीत, एका बाजूच्या भांड्यात हमखास खाऊ असतो व दुसऱ्या बाजूचे रिकामे असते हे शिकवून, मग मधोमध एक भांडे ठेवण्यात आले. बक्षिसाने शिकलेली कुत्री त्या अनिश्चित भांड्याकडे लगबगीने गेली. जी सर्वाधिक जरबेत शिकली होती ती सावकाश, जणू निराशेचीच अपेक्षा धरून गेली. शिकवणीच्या आवाराबाहेरही कुत्र्याच्या मनाचा कल कसा बदलून जातो, हे त्या मधल्या भांड्याने दाखविले. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या त्याच वर्षीच्या अभ्यासाचा तर आखाड्याशी थेटच संबंध आहे. मोकळी सोडली असता हाकेला न जुमानणाऱ्या ६३ कुत्र्यांचे गट करून, एका गटाला विजेचा धक्का देणाऱ्या पट्ट्याने, तोही त्या पट्ट्यात वाकबगार असलेल्या शिक्षकांकडून, आणि दुसऱ्याला केवळ बक्षिसाने शिकविले. तेव्हा 'ये' आणि 'बस' या हुकमांची पहिल्याच वेळी तामिली करण्यात बक्षिसाचा गट सरस ठरला. धक्क्याचा कोणताही जादा लाभ निघाला नाही.

कठीण काळात जे कुत्रे महाराष्ट्राच्या उपयोगी पडले त्यांचीही हीच साक्ष आहे. मुंबई पोलिसांच्या बॉम्ब शोधक व नाशक पथकातील झंजीर हा सोनेरी लॅब्राडोर पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकून १९९२ च्या अखेरीस पथकात दाखल झाला, आणि अवघ्या तीन महिन्यांत, मार्च १९९३ च्या स्फोटमालिकेनंतर, त्याच्यावर शहर वाचविण्याची पाळी आली. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे त्याच्या नाकाने शोधून काढली, अशी नोंद आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने त्याचा अंत झाला, तेव्हा पोलीस दलाने त्याला सन्मानाने निरोप दिला.

स्फोटके हुंगणाऱ्या श्वानाचे शिक्षण कसे चालते हे समजून घेणे उद्बोधक आहे, कारण या कामी जबरदस्ती मुळातच निरुपयोगी ठरते: माणसाला जो वास येतच नाही तो कुत्र्याला आला की नाही, हे सांगणारा फक्त कुत्राच. म्हणून आरंभी श्वान हस्तक एकाच गोष्टीची खात्री करून घेतो, की या पिल्लाला चेंडूचे वेड आहे. मग ओळीने मांडलेल्या डब्यांपैकी एकात स्फोटकाचा अल्प नमुना ठेवतात. कुत्रा हुंगत हुंगत त्या डब्यापाशी रेंगाळला रे रेंगाळला की त्याच क्षणी चेंडू त्याच्यासमोर येतो आणि दोघे मनसोक्त खेळतात. काही काळाने केवळ रेंगाळून चेंडू मिळत नाही, तेथे खाली बसावे लागते. कारण पंजाने उकरणारा कुत्रा बॉम्बपाशी स्वतःचा आणि इतरांचाही घात करील. ज्या दिवशी शोधात काहीच सापडत नाही त्या दिवशीही हस्तक मुद्दाम एखादा नमुना लपवून कुत्र्याला तो सापडू देतो, अन्यथा शोधण्याची त्याची उमेद ओसरते. एखाद्या रेल्वे स्थानकावर सामानाच्या शेकडो नगांतून निमूटपणे हुंगत जाणारा कुत्रा पाहिला की आपल्याला शिस्त दिसते. कुत्र्याच्या मनात मात्र चेंडूचा ध्यास असतो.

आमच्या मराठवाड्याला स्वतःच्या कुत्र्यांचा वारसा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. लातूर जिल्ह्यातील जानवळच्या परिसरात जतन केलेले कारवानी आणि झुपकेदार केसांचे पश्मी हे उंच, सडपातळ, नजरेने शिकार हेरणारे वाण आहेत. त्यांचाच सगोत्र जो मुधोळ हाउंड, त्याला २०१६ पासून मेरठ येथील लष्कराच्या केंद्रात शिक्षण देण्यात येऊ लागले. या कुत्र्यांविषयी, ती डोक्याने मंद असतात, असा प्रवाद ऐकू येतो तो सर्वथा अन्यायाचा आहे. ज्या प्राण्याला शेकडो वर्षे ससा दिसताक्षणी झेपावण्यासाठी निवडले, त्याला भाकरीपेक्षा धावण्याचे मोल अधिक असणार. तेव्हा धावणे हेच त्याचे बक्षीस करावे. दोरीला चिंधी बांधून, कुत्रा क्षणभर स्थिर बसला की ती चिंधी जमिनीवरून भरधाव ओढावी, आणि त्याला तिचा पाठलाग करू द्यावा. काही दिवसांत तो स्वतः होऊन बसतो आणि चिंधीची वाट पाहतो.

बालाघाटात वा गोदाकाठी मेंढ्या घेऊन उतरणाऱ्या धनगरांकडून मात्र शास्त्रालाही शिकण्यासारखे आहे. त्यांच्या वाड्यावर जन्मलेले पिल्लू डोळे उघडल्यापासून मेंढ्यांच्या उबेत वाढते, आणि मोठेपणी तो कळपच त्याला आपला वाटतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान पिल्लाच्या मनाचे दार उघडे असते. या अवधीत ज्या ज्या प्राण्यांशी, माणसांशी व आवाजांशी त्याचा सुखाने परिचय होतो ते त्याला आयुष्यभर परके वाटत नाहीत. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यातील खिळ्यांच्या पट्ट्याविषयीही गैरसमज नसावा. त्याचे टोकदार खिळे बाहेरच्या बाजूस असतात, लांडग्याने नरड्याला धरू नये म्हणून. शहरी बाजारात मिळणारा, आतल्या बाजूस दात असलेला आणि ओढताच कुत्र्याच्याच मानेत रुतणारा पट्टा हा त्याच्या अगदी उलट हेतूने केलेला आहे.

मग आखाड्यावर नेमके करावयाचे काय? 'ये' हा हुकूम शिकवावयाचा असेल तर तो प्रथम रोह्यांच्या कळपासमोर नव्हे, तर गोठ्याच्या दारात, दोन पावलांवरून, कुत्रा आपल्याकडे पाहत असतानाच शिकवावा. ज्वारीच्या भाकरीचे, उकडलेल्या अंड्याचे वा मांसाचे हरभऱ्याएवढे तुकडे खिशात असावेत. नाव घ्यावे, 'ये' म्हणावे, आणि पाऊल आपल्याकडे उचलताच 'शाब्बास' म्हणून जवळ आल्यावर तुकडा द्यावा. 'शाब्बास' हा शब्द दर वेळी त्याच स्वरात, आणि तुकडा मिळण्यापूर्वी उच्चारावा. दोन पावलांची दहा झाली, मग दहाहून अधिक झाली, मग लांब दोरी बांधून बांधावर, मग दूरवर शेळ्या चरत असताना, असे अंतर आणि मोह एकदम न वाढविता एकेक वाढवीत न्यावे. जेथे चुकला तेथून एक पायरी मागे यावे. पाठ पक्का झाला की तुकडा दर वेळी न देता कधी द्यावा, कधी नुसती पाठ थोपटावी. केव्हा मिळेल हे निश्चित नसलेले बक्षीस सवयीला अधिक चिवट करते. बसविण्याचा धडा याहून सोपा: तुकडा नाकासमोर धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा, नाक वर गेले की पाठीमागचा भाग आपोआप खाली टेकतो, आणि टेकताक्षणी 'शाब्बास' म्हणावे. अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला गुडघा मारू नये; पाठ फिरवावी, आणि चारही पाय जमिनीवर टेकताच त्याच्याकडे वळावे, कारण त्याला हवे असते ते आपले लक्षच.

ही तर लाच झाली, असा आक्षेप वडीलधारी माणसे घेतात. लाच कामाआधी दाखविली जाते. मोबदला काम झाल्यावर मिळतो. तुकडा आधी नाचवून कुत्र्याला बोलावणारा त्याला तुकडाच पाहावयास शिकवितो, हे खरे, आणि म्हणूनच हाक मारताना तुकडा खिशात व हात रिकामा ठेवावा. अन्नावाचून दुसरे काही चालतच नाही असेही नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात, अनोळखी माणसावर विश्वास बसण्याच्या कामी वारंवार दिलेल्या अन्नापेक्षा वारंवार केलेला मायेचा स्पर्श अधिक प्रभावी ठरला. ज्यांना दिवसभर केवळ 'हाड' ऐकावे लागते, त्यांना थोपटणाऱ्या हाताची किंमत कळते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. बक्षिसाने शिकविणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे; दोरी, कुंपण आणि वेळेवर दार बंद करणे यांचा बंदोबस्त राहिलाच पाहिजे, आणि चुकीच्या वर्तनाला फळ मिळू न देणे हाही शिक्षणाचाच भाग होय. एकाएकी चिडखोर झालेल्या कुत्र्याला आधी पशुवैद्याला दाखवावे, कारण दुखणाऱ्या कानाला वा सांध्याला कोणतेही शिक्षण लागू पडत नाही; आणि ज्याचा आवाज बदलला आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, त्याला रेबीज असण्याचा संभव असल्यामुळे त्याच्या जवळच जाऊ नये. कुत्रा चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्यावी.

यंदा आखाड्यावर नवे पिल्लू आणण्याचा ज्यांचा मानस असेल त्यांनी ते साधारण आठ आठवड्यांचे झाल्यावर आणावे, त्याला गुरे, शेळ्या, पोरे, ट्रॅक्टर या सर्वांचा सावकाश आणि खाऊच्या सोबतीने परिचय करून द्यावा, तीन महिन्यांचे होताच पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्यावी, घरातील सर्वांनी एका कामासाठी एकच शब्द ठरवावा, आणि कुत्रा हाकेला आला की, तो कितीही उशिरा आला असला आणि मन कितीही संतापलेले असले तरी, त्याच्यावर हात उगारू नये, एवढी माझी शेतकरी बंधुभगिनींना विनंती आहे.